घरट्यावरचे पारितोषिक

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या वार्षिक छायाचित्र-प्रदर्शनात 'पक्षी आणि वात्सल्य' या विभागाचे प्रथम पारितोषिक ज्या छायाचित्राला मिळाले, ते आम्ही काढलेले होते. सभासदांना ते स्मरत असेल. भर उन्हातली मुरमाड जमीन, तिच्यावर मातीच्याच रंगाची चार ठिपकेदार अंडी, आणि त्यांच्यावर पंख अर्धवट पसरून उभी असलेली टिटवी. खाली आम्ही नाव दिले होते 'मातृछाया'. परीक्षक महोदयांनी भाषणात त्या चित्रातील मातृत्वाची वाखाणणी केली, दोन ज्येष्ठ भगिनींचे डोळे पाणावले. आम्ही पितळी सन्मानचिन्ह स्वीकारले आणि चहा-चिवडा घेऊन प्रसन्न चित्ताने रामबागेतील घरी परतलो.

यंदाचे परिपत्रक महिन्यापूर्वी हाती आले. विभाग तोच आहे. 'घरटी, अंडी व पिल्ले यांच्या छायाचित्रांस प्राधान्य' अशी ओळ त्यात नव्याने घातली आहे आणि पारितोषिकाची रक्कम दुप्पट केली आहे. हा विभाग रद्द करावा, घरट्याचे एकही छायाचित्र प्रदर्शनात स्वीकारू नये आणि आमचे गेल्या वर्षीचे पारितोषिक मागे घ्यावे, अशी आमची मागणी आहे. ती आम्ही कार्यकारिणीस पत्राने कळविली. 'विषय नाजूक आहे, पाहू' असे उत्तर आले. सारी नोकरी राज्य शासनाच्या महसूल खात्यात गेल्यामुळे 'पाहू' या शेऱ्याचा अर्थ आम्हांला इतरांपेक्षा थोडा बरा कळतो. म्हणून हे जाहीर लेखन.

आम्ही या छंदाचे शत्रू नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. २०१९ साली निवृत्त झालो तेव्हा पुण्याच्या भाच्याने आपला जुना कॅमेरा दिला. त्याला जोडण्यासाठी आम्ही निवृत्तीच्या रकमेतून ४०० मिलिमीटरची लेन्स घेतली. तेवढ्या पैशांत स्वयंपाकघराचा ओटा नवा झाला असता, असे सौभाग्यवतींनी एकदाच सांगितले; ते 'एकदाच' अजून संपलेले नाही.

पहिले वर्षभर आम्ही जे काढले ते पक्ष्यांचे नव्हते, पक्षी जिथून नुकताच उडाला त्या फांदीचे होते. मग हळूहळू काही गोष्टी उमजल्या. बगळा पांढराशुभ्र आणि मागचे पाणी काळसर असले, की कॅमेरा फसतो. पाण्याकडे पाहून तो उजेड वाढवतो आणि बगळ्याच्या पिसांचे सारे बारकावे जळून पांढरा डाग तेवढा उरतो. तिथे एक्स्पोजर आपण होऊन कमी करावे लागते. उलट तारेवर बसलेला कोतवाल मोकळ्या आभाळापुढे टिपला, तर काळ्या कागदाची कातरलेली आकृती दिसते. तिथे ते वाढवावे लागते. बसलेल्या पक्ष्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. उडत्याला दोन हजारावा भागही कधी कधी अपुरा पडतो. आणि सर्वांत मोठा धडा असा, की पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आपला डोळा आणावा लागतो. सिरपूर तलावाच्या काठी चिखलात कोपरे टेकून पालथे पडलेले साठी उलटलेले माजी अधिकारी पाहून एका सकाळी दोन सद्गृहस्थ धावत आले होते. त्यांना वाटले, आम्हांला चक्कर आली.

या विद्येसाठी कान्हा-बांधवगडला जावे लागते, हा समज आम्ही ज्या शहरात राहतो तिथे तरी हास्यास्पद आहे. होळकरांच्या राजवटीत बांधलेले सिरपूर आणि यशवंतसागर हे दोन्ही जलाशय २०२२ साली रामसर यादीत गेले. जानेवारी २०२५मध्ये उदयपूरबरोबर इंदूरलाही पाणथळ नगरीची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातून हा मान मिळालेली ही पहिली दोन शहरे. हिवाळ्यात सिरपूरला थापट्या आणि तलवार बदके येतात. यशवंतसागरच्या परिसरात सारस आहेत. वडोदऱ्याच्या वाचकांना गायकवाडी अमलातला वढवाणा तलाव आहे, गोव्याच्या वाचकांना करमळीचे तळे आहे, हैदराबादकरांना अमीनपूर आहे. आणि यांपैकी कुठेही जाणे जमले नाही, तरी घरामागचा कडुनिंब आहे. आमच्या कडुनिंबावर तांबट, दयाळ, शिंजीर, बुलबुल आणि पिंगळ्याची एक जोडी, एवढी मंडळी बाराही महिने नांदतात. तांबटाचा 'टुक्‌टुक्' ऐकू येतो पण पक्षी दिसत नाही, कारण तो मान फिरवीत ओरडतो आणि आवाज कुठून येतो याचा कानाला पत्ता लागत नाही. त्याला प्रथम शोधून काढायला आम्हांला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत आम्ही एकही छायाचित्र काढले नाही, आणि या छंदातला सर्वांत सुखाचा काळ कोणता असे कोणी विचारले, तर आम्ही तोच सांगू.

हे सुख फार काळ टिकत नाही. थोडे जमू लागले, की चार ओळखीचे लोक वाहवा करतात. वाहवा सुरू झाली, की बसलेला पक्षी कंटाळवाणा वाटू लागतो. प्रत्येकाकडे बसलेला बुलबुल आहे. मग पिल्लाला भरवणारा बुलबुल हवा. प्रत्येकाकडे खंड्या आहे; मग मासा उलटा-सुलटा आपटणारा खंड्या हवा. खंड्याचे एक वेळ ठीक. त्याची बैठक ठरलेली असते, समोरच्या काठावर दोन सकाळी बसलात, तर त्याचे काही न बिघडता चित्र मिळते. पण भरवणारा बुलबुल हमखास मिळण्याचे ठिकाण एकच, घरटे. पक्षी दुसरीकडे कुठेही येईल किंवा येणार नाही. घरट्यावर त्याला यावेच लागते. घरट्याच्या छायाचित्रातली सारी सोय आणि सारे पाप या एका वाक्यात आहे.

आता त्या टिटवीविषयी.

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. बिलावली तलावाच्या बाजूला एका मोकळ्या मुरमाड पट्टीवर टिटवीची जोडी आमच्या डोक्यावर घिरट्या घालीत ओरडू लागली, तेव्हाच आम्ही ओळखले की जवळपास अंडी आहेत. टिटवी घरटे असे बांधतच नाही. जमिनीवर उथळ खळगा, भोवती खडे, झाले. चारही अंड्यांची निमुळती टोके आत वळलेली असतात. ती इतकी मातीसारखी दिसतात, की आम्ही दोनदा त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेलो. सापडली तेव्हा पुन्हा चुकू नयेत म्हणून आम्ही शेजारी तीन दगडांची उतरंड रचली. या तीन दगडांकडे पुन्हा यायचे आहे.

पहिल्या दिवशी आम्ही दुरून वीस मिनिटे काढली. चित्रे साधारण आली. आमच्या वाचनात होते, की मे महिन्याच्या काहिलीत टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि ओल्या पोटाने येऊन अंडी गार करते. उन्हाच्या भरात ती अंड्यांवर बसण्याऐवजी उभी राहून सावली धरते. हे दृश्य हवे होते. ते हवे तर दुपारी जायला हवे. म्हणून दुसऱ्या दिवशी बाराला छत्री, ट्रायपॉड आणि पाण्याची बाटली घेऊन आम्ही अंड्यांपासून पंधरा पावलांवर ठाण मांडले.

पक्षी आले नाहीत. एक जण डोक्यावरून सूर मारीत राहिला. दुसरा थोड्या अंतरावर जमिनीवर पडून मोडका पंख ओढल्याचे सोंग करू लागला. शत्रूला अंड्यांपासून दूर न्यायची ती युक्ती असते, हेही आम्ही वाचले होते. त्या सोंगाचीही आम्ही चाळीसएक चित्रे काढली. अंडी तोवर उघडी होती. आम्ही ज्या मुरमावर हात टेकला होता तो हाताला चटका देत होता. घड्याळ पाहिले तेव्हा अडतीस मिनिटे झाली होती. मग एक पक्षी धावत आला, अंड्यांवर उभा राहिला, पंख सैल सोडले, मान झुकवली. आम्ही बटण दाबले. 'मातृछाया'.

हे चित्र घरी मोठे करून पाहताना सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, हिची चोच उघडी का हो?" आम्ही म्हणालो, "साद घालत असेल." त्यांनी पुन्हा पाहिले आणि म्हणाल्या, "नाही. धापा टाकतेय ती." आम्ही विषय बदलला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. उतरंड जागेवर होती. खळग्यात अंड्याच्या कवचाचे दोन तुकडे होते, बाकी काही नाही. महसूल खात्याच्या सवयीने आम्ही मनातल्या मनात पंचनामा केला. कुत्र्याच्या पावलांचे ठसे होते. कावळे समोरच्या तारेवर होते. माणसांच्या बुटांचे ठसे आमच्या बुटांशिवाय आणखी निदान तिघांचे होते, कारण पहिल्याच रात्री आम्ही उत्साहाच्या भरात छायाचित्रकारांच्या आमच्या छोट्या मंडळीला जागा कळविली होती, 'तीन दगडांची खूण आहे' या तपशिलासह. अंडी कोणी नेली हे सिद्ध करता येणार नाही. कुत्र्याने असेल, कावळ्याने असेल. पण चार आठवड्यांच्या आसपास उबवायची असलेली, मातीत मातीसारखी दिसणारी अंडी ज्याने खूण करून जगाला दाखविली, तो कोण होता, याला पुराव्याची गरज नाही. जोडी अजून तिथेच होती. आम्हांला पाहून ओरडली देखील नाही.

आणि पुढे काय केले? चार महिने गप्प राहिलो, आणि सप्टेंबरात तेच चित्र प्रदर्शनासाठी पाठविले. ही आमच्या दोषाची दुसरी आणि अधिक वाईट बाजू. ती सांगितल्यावाचून पुढचे बोलण्याचा आम्हांला अधिकार राहत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. कार्यकारिणीतील स्नेह्यांशी झालेल्या बोलण्यात ते सारे ऐकून झाले आहेत.

एक स्नेही म्हणाले, शहरातील पक्षी माणसाला सरावलेले असतात. घरातल्या माळ्यावर चिमणी अंडी घालत होतीच की. होती. चिमणीने माणसाचे घर आपण होऊन निवडले होते, आणि त्या घरातली बाई माळ्यावर कॅमेरा घेऊन चढत नव्हती. ये-जा करणाऱ्या माणसाला पक्षी सरावतो. थांबणाऱ्या, वाकणाऱ्या, रोखून पाहणाऱ्या माणसाला तो सरावत नाही, कारण शिकारी प्राणीही नेमके तेच करतो. शहरात तर धोका अधिक. इथे कावळे पुष्कळ, मांजरे पुष्कळ, भटकी कुत्री पुष्कळ. आणि कावळा माणसाच्या हालचालीवर लक्ष ठेवून असतो. आपण कशाकडे पाहत आहोत, हे कावळ्याला कळते. शिंप्याने पानांना पान शिवून केलेले घरटे 'नीट दिसत नाही' म्हणून समोरची दोन पाने बाजूला बांधणारे छायाचित्रकार आम्ही पाहिले आहेत. चित्र झाल्यावर ती पुन्हा सोडतात, असे ते अभिमानाने सांगतात. तोवर ऊन आत पोचलेले असते आणि कावळ्याची नजरही.

दुसरा आक्षेप विद्वत्तेचा आहे. मोठमोठ्या लोकांनी घरट्यांचीच छायाचित्रे काढली, मग आम्हीच काय वाईट केले? हे खरे आहे, आणि त्याचे कारणही इतिहासातच आहे. इंग्लंडात केर्टन बंधूंनी १८९२ साली अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले तेव्हा त्यांच्या हाती दुरून टिपणारी लेन्स नव्हती; काचा मंद होत्या, कॅमेरा पेटीएवढा होता. पक्षी हमखास येईल आणि क्षणभर स्थिर राहील अशी जागा घरट्याखेरीज नव्हतीच. त्यापायी त्या भावांनी पोकळ बैल बनवून त्याच्या पोटात लपून तास काढले. त्यांची ती अडचण होती. ज्याच्या हातात सेकंदाला दहा-वीस चित्रे घेणारे आणि पक्ष्याचा डोळा आपोआप शोधणारे यंत्र आहे, त्याने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची अडचण आपली परंपरा म्हणून मिरवू नये. सलीम अलींचे नावही या वादात निघते. त्यांनी १९३०च्या पावसाळ्यात अलिबागेजवळच्या किहीम येथे सुगरणीच्या वसाहतीसमोर महिनोन् महिने बसून निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट बांधतो, मादी पसंत करते, मग नर दुसरे बांधू लागतो, हा त्या पक्ष्याचा संसार त्या बैठकीतून जगाला कळला. आमच्या अडतीस मिनिटांतून जगाला काय कळले?

उलट, जे कळले ते चुकीचे कळले. टिटवीत नर आणि मादी दिसायला जवळजवळ सारखेच असतात आणि अंडी दोघेही उबवतात. आम्ही 'मातृछाया' म्हणून मिरविलेला तो पक्षी बाप असण्याची शक्यता निम्मी तरी आहे. परीक्षकांनी ज्या झुकलेल्या मानेत वात्सल्य वाचले, ती उन्हाने बेजार झालेल्या आणि समोर बसलेल्या माणसाच्या भीतीने ताठरलेल्या पक्ष्याची मान होती. उघडी चोच ही साद नव्हती. सौभाग्यवतींना एका दृष्टिक्षेपात जे दिसले, ते परीक्षक, प्रेक्षक आणि आम्ही यांपैकी कोणालाही दिसले नाही. कारण आम्हां सर्वांना वात्सल्य पाहायचे होते, टिटवी पाहायची नव्हती. विभागाचे नावच 'वात्सल्य' ठेवल्यावर दुसरे काय दिसणार? मराठी माणसाला आई या शब्दाचा फार मोह आहे. काव्यात तो शोभतो. पण प्रत्येक पाखराला आपल्या आईच्या कवितेचे कडवे करून टाकण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

तिसरा आक्षेप मुलांच्या नावाने येतो. घरट्याची चित्रे पाहून मुलांना पक्ष्यांची गोडी लागते म्हणे. गेल्याच महिन्यात सभासदांची दोन मुले, एक आठवीतला आणि एक दहावीतला, आमच्याकडे आली. नवे परिपत्रक त्यांच्या हातात होते. "आजोबा, घरटे कुठे सापडेल?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पक्षी कोणता, हे त्यांनी विचारले नाही. आठवीतल्याने फांदी वाकवण्यासाठी दोरीही आणली होती. त्या मुलांना आम्ही दोष देत नाही. मंडळाने रक्कम दुप्पट केली, मुलांनी हिशेब केला. आम्ही त्यांना कडुनिंबाखाली बसवून तांबट शोधायला सांगितला. दहावीतला अर्ध्या तासात उठून गेला. आठवीतला अजून येतो आहे. दोरी आमच्याकडेच राहिली.

कायद्याचाही एक मुद्दा आहे, आणि जन्मभर कलमे वाचलेल्या माणसाला तो टाळता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२, कलम २, उपकलम १६ यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे. मारणे, पकडणे, विष घालणे यांच्याबरोबरच पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि अंडी किंवा घरटी विचलित करणे, हेही त्या व्याख्येत आहे. कोणते विचलन न्यायालयात टिकेल, किती अंतरापर्यंत, कोणत्या पक्ष्यासाठी, हा वकिलांचा प्रांत. आम्ही त्यात शिरत नाही. पण १९७२ साली ज्यांनी हा मसुदा लिहिला, त्यांनी घरट्याला त्रास देणे बंदुकीच्या पंक्तीत बसविले, हे मंडळाच्या परिपत्रकावर सही करणाऱ्यांनी एकदा वाचावे. आजोबांच्या काळी दिवाणखान्यात शिकारीचे फोटो टांगलेली घरे आपल्यात होती. वाघावर पाय ठेवून उभे राहिलेले सरदार, शेजारी बंदूकधारी. ते फोटो आता आपण नातवंडांना दाखवताना थोडे ओशाळतो. 'मातृछाया' त्याच भिंतीवर लावावी, असे आमचे मत झाले आहे.

माळव्यात टिटवीबद्दल आणखी एक गोष्ट सांगतात, तीही इथे लिहून ठेवतो. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जोरात, चार अंडी दिसली तर चारही महिने पाऊस, असा शेतकऱ्यांचा अदमास आहे. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात टिटवीच्या अंड्यांचे चित्र येते आणि गाव पाहायला लोटते. म्हणजे श्रद्धेनेही तीच गर्दी, कलेनेही तीच. पंचतंत्रातील टिटवीची अंडी समुद्राने नेली तेव्हा तिने सारे पक्षी जमवले, गरुडाकरवी विष्णूपर्यंत दाद मागितली आणि समुद्राला ती परत करावी लागली. बिलावलीच्या टिटवीला असा दरबार नव्हता.

मग प्रदर्शनात लावायचे काय, असा प्रश्न चिटणिसांनी केला. लावायला खूप आहे. शेकाट्याचे लाल पाय आणि त्यांची पाण्यातली प्रतिबिंबे लावा. भातुकलीच्या खेळात बोटे बुडवावीत तशी चोचीच्या टोकाला पिवळी आणि मुळाशी तांबडी खूण असलेले, आपल्या मराठीत ज्याला 'हळदीकुंकू' म्हणतात, ते बदक लावा. गेल्या वर्षी ते प्रदर्शनात होते. खाली इंग्रजी नाव देवनागरीत लिहिलेले होते, तेही अशुद्ध. आपल्या नातवंडांना पक्ष्यांची नावे हिंदीत आणि इंग्रजीत येतात, ती चांगलीच गोष्ट आहे. पण या बदकाचे मराठी नाव ऐकून आमच्या नातीने जी टाळी वाजवली, ती आमच्या पारितोषिकाच्या टाळ्यांपेक्षा मोलाची वाटली. मारुती चितमपल्ली २०२५च्या जूनमध्ये गेले. त्यांनी पक्ष्यांच्या नावांचा कोश करून ठेवला आहे. तो मंडळाच्या ग्रंथालयात आहे आणि त्यावरची धूळ आम्ही स्वतः पुसली. चित्रांखाली नाव मराठीत असावे, कोणत्या तलावावर, कोणत्या महिन्यात, किती अंतरावरून टिपले हे लिहावे. अंतर लिहिण्याची अट घातली, की निम्मा गोंधळ आपोआप मिटेल, कारण अंतराबद्दल खोटे बोलायलाही आधी लाज सोडावी लागते.

दुरून काढलेल्या चित्रात पक्षी लहान येतो, ही तक्रार आम्हांला ठाऊक आहे. लहान येऊ द्या. पक्ष्याभोवती तलाव येईल, गवत येईल, पलीकडच्या नव्या इमारतींची रांग येईल. शहरातला पक्षी कशात जगतो, हे त्या चित्रात दिसेल; चौकट भरून टाकणाऱ्या चोचीत ते दिसत नाही. ध्वनिमुद्रित शीळ वाजवून पक्ष्याला फांदीवर बोलावणे, ही आणखी एक युक्ती हल्ली मंडळींत रूढ झाली आहे. नराला वाटते प्रतिस्पर्धी आला. तो खाणेपिणे सोडून भांडायला धावतो आणि भांडायला समोर कोणीच नसते. त्याबद्दलही नियमावलीत एक ओळ हवी. त्या विषयावर स्वतंत्र लिहू, आज घरट्यापुरते.

आमच्या लेन्सचे काय केले, असे काहींनी विचारले. ती आहे. हिवाळ्यात पहाटे साडेसहाला आम्ही अजून सिरपूरला असतो. मार्च ते ऑगस्ट या काळात मात्र आम्ही पाणकाठाच्या मुरमाड जागांवर पाऊल टाकत नाही. पायवाट सोडत नाही. बिलावलीला यंदाच्या मे महिन्यात लांबून, रस्त्यावरून, टिटवीचा आवाज ऐकला. अंडी कुठे आहेत, हे पाहायला गेलो नाही. तीच जोडी होती की दुसरी, हे सांगता येणार नाही.

सन्मानचिन्ह कापडी पिशवीत घालून आम्ही चिटणिसांच्या घरी पोचते केले. पोच मिळालेली नाही. सर्वसाधारण सभेसाठी पुढील ठरावाची सूचना लेखी दिली आहे: 'घरटी, अंडी अथवा उडू न शकणारी पिल्ले असलेले कोणतेही छायाचित्र मंडळाच्या प्रदर्शनात, दिनदर्शिकेत अथवा या पत्रिकेच्या मुखपृष्ठावर स्वीकारले जाणार नाही.' नियमाप्रमाणे ठरावाला एक अनुमोदक लागतो. तो अद्याप मिळालेला नाही. ज्या सभासदाची तयारी असेल, त्याने सभेपूर्वी आठ दिवस तसे पत्र कार्यालयात द्यावे.